भरलेल्या गंगापूर धरणात सहा किलो मीठ

नाशिकजवळचं गंगापूर धरण काठोकाठ भरलं की त्यात ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी असतं. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे १६ हजार कोटी लिटर. समजा, एका पावसाळ्यात या धरणात कुणी अडीच किलो मीठ विरघळवलं आणि पुढच्या पावसाळ्यात सहा किलो. दोन्ही वर्षी काठावरून चमचाभर पाणी उचलायचं आणि तेवढ्यावरून ओळखायचं, यंदा मीठ अडीच किलो आहे की सहा.

मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा माग रक्तात काढणारे शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रमाणात काम करतात. आजाराचं नाव हंटिंग्टन. २०१७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एडवर्ड वाइल्ड यांच्या गटानं २९८ जणांच्या रक्तातलं ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ हे प्रथिन मोजल्याचं प्रसिद्ध केलं. आजाराचा जनुकदोष नसलेल्या ९७ जणांत ते एका मिलिलिटरमागे सरासरी सुमारे १५ पिकोग्रॅम भरलं. दोष असलेल्या २०१ जणांत सुमारे ३८. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. हे १५ आणि ३८ गंगापूर धरणाच्या मापाला नेले, की अडीच किलो आणि सहा किलो निघतात.

इतका बारीक फरक मोजण्यासाठी एवढा आटापिटा करण्याचं कारण सरळ आहे. हा आजार कुणाला होणार, हे आज जन्मतःसुद्धा सांगता येतं. मेंदूची झीज नेमकी केव्हा सुरू झाली आणि एखाद्या औषधानं ती थांबली का, हे मात्र बाहेरून दिसत नाही. ते दाखवणारी खूण रक्तात सापडली, तर एका पिढीला लागणारी वाट काही वर्षांत संपू शकते.

६२० कोटींत ७२ अक्षरं

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये डीएनएचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. प्रत्येक संचात सुमारे ३१० कोटी अक्षरं, म्हणजे दोन्हींत मिळून ६२० कोटी. यातल्या चौथ्या गुणसूत्रावर हंटिंग्टिन नावाचं जनुक आहे. त्याच्या सुरुवातीलाच सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ही आवर्तनं २६ पर्यंत असली तर काही बिघडत नाही. बहुतेकांमध्ये ती २० च्या आसपासच असतात. २७ ते ३५ आवर्तनं असलेल्या माणसाला स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ आवर्तनं असतील तर आजार होईलही, होणारही नाही. चाळिशी गाठली की मात्र सुटका नाही. माणूस नेहमीचं आयुष्य जगला तर आजार गाठतोच.

एकाकडे १८ आवर्तनं आहेत आणि दुसऱ्याकडे ४२, असं धरा. फरक २४ आवर्तनांचा, म्हणजे ७२ अक्षरांचा. ६२० कोटी अक्षरांत ही ७२ अक्षरं जास्त आली, म्हणून ऐन उमेदीत हातपाय आपल्या मनाविरुद्ध हलू लागतात, चालताना तोल जातो, स्वभाव बदलतो, साधा हिशेब जमेनासा होतो, पुढे बोलणं आणि गिळणंही अवघड होतं. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात आणि त्यानंतर आयुष्य साधारण पंधरा ते वीस वर्षांचं उरतं.

तोवर लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात, आणि इथे दुसरं गणित सुरू होतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोन मुलं असली तर किमान एकाला मिळण्याची शक्यता चारात तीन. चार मुलं असली तर सोळात पंधरा. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही. एक दिलासा मात्र पक्का आहे. ज्या मुलाला हा दोष मिळाला नाही, त्याच्या पुढच्या पिढ्या यातून कायमच्या मोकळ्या होतात.

तळ्याकाठची १८,१४९ माणसं

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरनं या आजाराचं वर्णन छापलं. त्याचे वडील आणि आजोबा अमेरिकेतल्या लाँग आयलंड बेटावर डॉक्टरकी करत होते. तीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी त्याच घराण्यांतल्या रुग्णांच्या पिढ्या पाहिल्या होत्या, म्हणूनच आजार पिढीजात आहे हे त्याला ठामपणे लिहिता आलं.

नाव मिळालं, पण जनुकाचा ठावठिकाणा लागायला आणखी १२१ वर्षं गेली. तो लागला व्हेनेझुएलातल्या माराकाइबो तळ्याकाठच्या गरीब वस्त्यांमुळे. तिथे हा आजार विलक्षण प्रमाणात आहे, हे अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरनं १९५५ मध्ये नोंदवलं होतं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नॅन्सी वेक्सलर दरवर्षी आपला गट घेऊन तिथे जाऊ लागल्या. त्यांची स्वतःची आई याच आजारानं गेली होती. गटानं घरोघर बसून वंशावळी लिहून घेतल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार ८३ घराणी, दहा पिढ्या आणि १८,१४९ माणसं या वंशावळींत आली. त्यांतले १५,४०९ जण तेव्हा हयात होते.

या रक्तानं काय साधलं, ते पाहा. १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटानं दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. त्यानंतर सहा गटांतले ५८ शास्त्रज्ञ दहा वर्षं झटले, तेव्हा मार्च १९९३ मध्ये जनुक हाती लागलं. आज जगात कुठेही हंटिंग्टनची जनुकचाचणी होते, ती या तळ्याकाठच्या लोकांच्या रक्तावर उभी आहे. नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, की हा आजार त्यांनाही झाला आहे.

२७० कोटींना एक

जनुकचाचणी भविष्य सांगते, पण आजची तारीख सांगत नाही. आवर्तनं ४२ आहेत, हे विसाव्या वर्षी कळलं, तरी मेंदू आज धडधाकट आहे की झिजायला लागलाय, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी झिजणाऱ्या मेंदूतून बाहेर पडणारं काहीतरी पकडावं लागतं.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येकीच्या लांब तंतूला आतून आधार देणारी प्रथिनांची चौकट असते आणि न्यूरोफिलामेंट लाइट हे तिच्यातलं एक प्रथिन. तंतू तुटला की ते आधी मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे मेंदूजलात, सांडतं आणि तिथून थोडंसं रक्तात उतरतं. वाटेत ते इतकं पातळ होतं, की मेंदूजलाच्या तुलनेत रक्तात त्याचं प्रमाण कित्येक पटींनी कमी भरतं.

आणि रक्त हे काही रिकामं पाणी नव्हे. त्याच्या एका मिलिलिटर द्रवात एकट्या अल्ब्युमिनचं वजन सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० कोटी पिकोग्रॅम असतं. न्यूरोफिलामेंट १५ पिकोग्रॅम. भाग घालून पाहा: आपल्याला हव्या असलेल्या प्रथिनाच्या एका पिकोग्रॅममागे अल्ब्युमिनचे जवळजवळ २७० कोटी पिकोग्रॅम. रक्तद्रवातल्या प्रथिनांच्या एकूण वजनापैकी ९९ टक्के वजन अवघ्या २२ प्रथिनांचं असतं. मेंदूची खबर आणणारी हजारो प्रथिनं उरलेल्या एका टक्क्यात दाटीवाटीनं बसलेली असतात.

पण वजनाऐवजी संख्या मोजायची ठरवली, की चित्र पालटतं. एक पूर्ण रेणू इतका हलका असतो, की १५ पिकोग्रॅममध्ये असे १४ कोटींहून जास्त रेणू मावतात. वजन हाताला लागत नसेल, तर रेणूच एकेक करून मोजा, असा हा विचार. २०१० मध्ये अमेरिकेत डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी तो प्रत्यक्षात आणला. नमुन्यात जेमतेम २.७ मायक्रॉन व्यासाचे लाखो मणी सोडतात. प्रत्येक मण्यावर हव्या त्या प्रथिनालाच धरून ठेवणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. प्रथिनं विरळ आणि मणी भरपूर, म्हणून एखाद्या मण्याला फार तर एखादाच रेणू लागतो, बहुतेकांना काहीच नाही. मग हे मणी दोन लाखांहून जास्त खळग्यांच्या चकतीवर पसरतात. एका खळग्यात एकच मणी बसतो आणि द्रव मावतो ५० फेम्टोलिटर. एका मिलिलिटरनं असे २,००० कोटी खळगे भरतील. ज्या मण्यानं रेणू पकडला असेल, त्याचा खळगा चमकतो. कॅमेरा चमकलेले खळगे मोजतो आणि त्या मोजणीतून प्रमाण काढलं जातं.

१२ खुणा, ज्या टिकल्या नाहीत

ही सुबक यंत्रं हाती येण्याआधी शोध वेगळ्या वाटेनं चालला होता आणि त्या वाटेवरचा एक धडा मोलाचा आहे. २००५ मध्ये एका गटानं रक्तपेशींतल्या हजारो जनुकांची हालचाल तपासली. हंटिंग्टनच्या रुग्णांत वेगळी वागणारी ३२२ जनुकं त्यांना दिसली आणि त्यांतून त्यांनी १२ जनुकांच्या खुणा निवडल्या. खूप आशा निर्माण झाली. २००७ मध्ये दुसऱ्या गटानं वेगळ्या रुग्णांवर त्याच खुणा पडताळल्या, तेव्हा त्या खऱ्या ठरल्या नाहीत.

यामागचं गणित क्रूर आहे. माणसाकडे प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २०,०००. विसातून एकदा निव्वळ योगायोगानं फसवेल, अशी नेहमीची कसोटी त्या सगळ्यांना लावली, तर आजाराशी काहीही संबंध नसलेली १,००० जनुकं ‘सापडतात’. जितकं जास्त मोजाल, तितकी फसगत जास्त. तिच्यावर उपाय एकच, जास्त माणसं आणि पुन्हा पुन्हा पडताळणी. न्यूरोफिलामेंटवर विश्वास बसला, तो वेगवेगळ्या गटांच्या हाती ते पुन्हा पुन्हा खरं उतरलं म्हणून. जगभरातल्या हंटिंग्टन कुटुंबांची ‘एन्रोल-एचडी’ ही नोंदपाहणी आज २०,००० सहभागींच्या पुढे गेली आहे, तीही याच गरजेतून.

न्यूरोफिलामेंटची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. पक्षाघात, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉन आजार, इतकंच काय, नुसतं वय वाढलं तरी ते वाढतं. चेतातंतू तुटताहेत, एवढं ते सांगतं. कोणत्या आजारानं तुटताहेत, हे सांगत नाही.

चोवीस वर्षं आधी

२०२० मध्ये लंडनच्याच सारा तब्रिझी यांच्या गटानं तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुकदोष असलेले ६४ तरुण आणि नसलेले ६७. दोष असलेल्यांना लक्षणं दिसायला अंदाजे सरासरी २४ वर्षं बाकी होती. स्मरणशक्ती, विचार, हालचाली, सगळं ठीकठाक. तरीही त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या मेंदूजलात न्यूरोफिलामेंट नेहमीपेक्षा वाढलेलं होतं. मूल जन्मून, शिकून नोकरीला लागावं, एवढा काळ आधी मेंदूतून पहिली वार्ता बाहेर आली होती.

जानेवारी २०२५ मध्ये हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी या लांबलेल्या शांततेचं कारण दाखवलं. आजार असलेल्या ५३ आणि नसलेल्या ५० जणांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंमधल्या पाच लाखांहून जास्त पेशी त्यांनी एकेक करून वाचल्या. जन्मतः ४० ते ४५ असलेली आवर्तनं काही चेतापेशींत वयाबरोबर वाढत जातात, असं दिसलं. ८० पर्यंत पोचायला दशकं लागतात. ८० ते १५० हा प्रवास अवघ्या काही वर्षांत होतो. १५० ओलांडली की पेशीचा कारभार कोसळतो आणि ती मरते. प्रत्येक पेशीचं घड्याळ वेगळं, म्हणून त्या एकदम न मरता एकामागून एक मरत जातात. त्याच महिन्यात तब्रिझी यांच्या गटानं आणखी एक दुवा जोडला. रक्तपेशींतही ही आवर्तनं वाढतात, आणि ज्यांच्या रक्तात ती जास्त वेगानं वाढतात, त्यांच्या मेंदूतल्या झिजेच्या खुणाही ठळक असतात, लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

या खुणांचा खरा उपयोग औषधं पारखताना होतो. लक्षणांना वीस वर्षं बाकी असलेल्या माणसाला औषध दिलं आणि ते लागू पडलं का हे लक्षणांवरूनच ठरवायचं म्हटलं, तर वीस वर्षं थांबावं लागेल. प्रथिनाचा आकडा काही वर्षांत कौल देऊ शकतो. ७९१ रुग्णांवरची टोमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये डोस थांबवून आटोपावी लागली, तेव्हा सगळी हंटिंग्टन कुटुंबं हळहळली. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्युअर कंपनीनं एएमटी-१३० या जनुकोपचाराचे आकडे जाहीर केले. जास्त मात्रा घेऊन तीन वर्षं पूर्ण केलेल्या १२ रुग्णांत आजाराची गती, बाहेरच्या रुग्णनोंदींशी ताडून पाहता, ७५ टक्क्यांनी मंदावली आणि मेंदूजलातलं न्यूरोफिलामेंट सुरुवातीच्या पातळीखाली आलं. १२ ही संख्या फार लहान आहे, तिच्यावर निकाल देता येत नाही. पण चढणारा आकडा खाली येऊ शकतो, ही शक्यता आता डोळ्यांसमोर आहे.

नाशिकचे १०७

आता जिल्ह्याचा हिशेब. हंटिंग्टनचं प्रमाण ठिकाणागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय उपखंडातल्या लोकांत १९९० मध्ये ते लाखामागे किमान १.७५ निघालं होतं. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७. तोच दर लावला, तर जिल्ह्यात किमान १०७ रुग्ण येतात. ११ कोटी २४ लाखांच्या महाराष्ट्रात सुमारे १,९६७. अमेरिकेत एका रुग्णामागे जोखमीतली साधारण पाच माणसं धरतात. त्या हिशेबानं नाशिक जिल्ह्यात पाचशेहून जास्त तरुण आई किंवा वडिलांकडे पाहत आपलं काय होईल, या विचारात असतील. हा अंदाज आहे, गणती नव्हे. इगतपुरी, पेठ, मालेगाव, येवला, कुठल्याही गावात ‘यांच्या घरात हे असंच चालत आलंय’ म्हणून सोडून दिलेलं एखादं घराणं यात असू शकतं.

गणती करता येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी दारोदार जाऊन १४,०१० जणांची पाहणी केली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध केली. कंपवाताचे ४६ रुग्ण मिळाले, लाखामागे ३२८. त्या काळी जगात नोंदलेल्या मोठ्या प्रमाणांपैकी ते एक होतं. यासाठी रेणू मोजणारं यंत्र लागलं नाही. लागली ती दार ठोठावण्याची तयारी आणि दार उघडणारा समाज.

हंटिंग्टनच्या बाबतीत दार उघडणंच अवघड आहे. मुलीचं लग्न मोडेल, भावाला कुणी मुलगी देणार नाही, या भीतीनं घरं गप्प राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या दीर्घ आजारांखाली कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावं उदाहरणादाखल दिली आहेत, हंटिंग्टनचं नाव नाही. नाव नसलं की तालुक्याच्या कार्यालयात दाखल्यासाठी किती समजावावं लागतं, हे अशा घरांना विचारा. कायद्यात हे नाव यायला हवं.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्ये आहे आणि राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या मेंदूविकार विभागातून हंटिंग्टनसारख्या पिढीजात आजारांची नावं गुप्त ठेवून नोंद करणारी एक सामायिक वही सुरू करणं या विद्यापीठाला शक्य आहे. उद्या औषध आलं, तर ज्या राज्याकडे अशी वही असेल, त्याच राज्याच्या रुग्णांपर्यंत ते आधी पोचेल. रक्ताच्या खुणांच्या शोधातला धडा हाच, की नमुने कमी पडले तर खोट्या खुणा सापडतात. आपल्या लोकांचं रक्त त्या अभ्यासांत नसेल, तर तिथे ठरलेली मापं आपल्या लोकांना लावताना चूक होऊ शकते.

अशा घरांसाठी तीन गोष्टी. न्यूरोफिलामेंटची रक्तचाचणी स्वतःहून करून घेऊन तिच्यावरून भविष्य वाचू नका, एकट्या माणसाच्या बाबतीत ती अजून तेवढी बोलत नाही. जनुकचाचणी करायची की नाही, हा निर्णय सज्ञान माणसानं स्वतः, समुपदेशन घेऊन करायचा आहे. ती न करण्याचाही त्याला पूर्ण हक्क आहे, आणि लक्षणं नसलेल्या लहान मुलांची चाचणी कुणीही करू नये. तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी. घरात आजोबा, वडील, आत्या यांच्यापैकी कुणाला हातापायांच्या अशा हालचाली होत्या, स्वभाव बदलला होता, चाळिशी-पन्नाशीत त्यांना अंथरूण धरावं लागलं होतं, तर हे न लपवता मेंदूविकारतज्ज्ञाला सांगा. एका कागदावर तीन पिढ्यांची नावं, वयं आणि लक्षणं लिहून न्या. माराकाइबोचं काम अशाच कागदांनी सुरू झालं होतं.